गॅसचा छोटा हीटर: जागेपणी पेटवा, झोपण्याआधी विझवा

गोव्यात हीटर? गिऱ्हाईक पणजीचं असेल तर हसतंच. जानेवारीतही त्याच्या घरात पंखा फिरत असतो. पण हाच प्रश्न जुलैत चोर्ला घाटाच्या माथ्यावर, सुर्लच्या बाजूला, दिवसभर भिजून आलेल्या माणसाला रात्री विचारा. अंगावरचे कपडे ओले, वर भन्नाट वारा. दात वाजायला तेवढं पुरतं. शिवाय गोंयकार आता मनालीला जातात, केदारनाथला जातात. लिस्बनचा नाहीतर लंडनचा भाऊ चवथीला येतो तेव्हा त्याच्या सामानातून एखादा छोटा हीटर निघतो आणि महिनाभरात ‘पेटत नाही’ म्हणून माझ्या टेबलावर येतो. डिचोलीच्या बाजारात माझं शेगडी दुरुस्तीचं दुकान आहे. वडील स्टोव्हच्या पिना आणि वॉशर विकायचे, मी बर्नर आणि रेग्युलेटरवर आलो. हल्ली दुरुस्तीला दहा मिनिटं लागतात आणि तो कसा वापरायचा हे सांगायला अर्धा तास. म्हणून हे लिहून ठेवतोय.

आधी कोणता घ्यायचा ते बघू. बाजारात तीन प्रकार दिसतात. पहिल्यात आडवा ठेवायचा बुटेनचा डबा बसतो, साधारण २२५ ग्रॅमचा, तोंडाला खाच असलेला. खाच जुळवायची आणि खटका दाबायचा. दुसऱ्याला फिरवून बसवायच्या आट्यांचा बसका, गोल डबा लागतो, २३० किंवा ४५० ग्रॅमचा. त्यात बहुतेक वेळा मिश्र गॅस असतो. तिसरा मोठा, नळी आणि रेग्युलेटर लावून ५ किलोच्या छोट्या सिलिंडरवर चालणारा. रानात पाठीवरून न्यायचा असेल तर पहिले दोनच कामाचे. घरात पावसाळ्यासाठी हवा असेल तर तिसरा परवडतो.

परवडतो म्हणजे किती, हा पुढचा प्रश्न ठरलेला. हिशेब सोपा आहे. एक किलो गॅस जळला की साधारण १३ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता मिळते. हातभर लांबीचा छोटा हीटर सव्वा ते दीड किलोवॅटचा असतो, म्हणजे तासाला शंभर ग्रॅमच्या आसपास गॅस खातो. २२५ ग्रॅमचा डबा दोन-सव्वादोन तासांत संपला. ५ किलोच्या सिलिंडरवर तोच हीटर पंचेचाळीस-पन्नास तास जाईल. ‘एका डब्यात रात्रभर ऊब’ असं कुठे जाहिरातीत वाचलंत तर पान उलटा. आणि रात्रभर तो चालवायचाही नसतो; त्याकडे येतोच.

घेताना तीन गोष्टी बघा. एक, हीटर कलंडला की आपोआप बंद होतो का. दुकानदारासमोर पेटवून हळूच तिरका करायला सांगा. तो कां-कूं करायला लागला तर दुसरं दुकान बघा. दोन, ज्योत विझली की गॅस आपोआप तुटतो का. हे काम थर्मोकपल करतं. पायलटच्या, म्हणजे आधी पेटणाऱ्या छोट्या ज्योतीत टोक खुपसून बसलेली धातूची बारीक कांडी असते ती. तीन, हवेतला प्राणवायू कमी झाला की बंद होणारी सोय. ही सोय म्हणजे खास बेतलेली पायलट ज्योत. हवेत प्राणवायू २१ टक्क्यांच्या जवळपास असतो. तो अठराच्या घरात उतरला की ज्योत कांडीपासून उचलली जाते, कांडी थंड पडते आणि गॅस बंद होतो. युक्ती झकास आहे. पण ती प्राणवायू मोजते, विषारी वायू मोजत नाही, हे ध्यानात ठेवा. जाळीत कचरा अडकलेला हीटर प्राणवायू भरपूर असतानाही घातक वायू सोडू शकतो.

परदेशातून आणलेल्या हीटरबद्दल एक शब्द. त्याचे आटे वेगळे, रेग्युलेटर वेगळा, दाब वेगळा. आपला घरगुती रेग्युलेटर साधारण ३० मिलिबारचा दाब देतो. हीटरच्या पाठीवरच्या पट्टीवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय आपली नळी त्यावर चढवू नका. टेफ्लॉन टेप गुंडाळून ‘बसवलं’ म्हणणारे कारागीर आहेत; त्यांच्यापासून चार हात दूर राहा. नळी आयएसआय शिक्क्याची, जाळी घातलेली नारिंगी सुरक्षा नळीच हवी, दोन्ही टोकांना क्लिप हवी आणि पाच वर्षांनी ती बदलायला हवी. रिकामे डबे घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरवरून भरून देणारेही भेटतात. ते बेकायदा आहेच, पण खरा धोका वेगळा: डब्यात गॅस फुगायला जागा सोडावी लागते. अंदाजाने गच्च भरलेला डबा उन्हात ठेवला तर काय होतं ते सांगायला नको.

आता पेटवणं. डबा बसवायचं काम उघड्यावर करा, आणि बसवताना जवळ विडी, चूल, समई काही नको. तोंडाशी काळी रबरी रिंग असते. ती चिरलेली, चपटी झालेली असेल तर आधी बदला. मग साबणाचा फेस. भांड्याच्या साबणाचा घट्ट फेस बोटाने जोडावर लावायचा आणि मान खाली घालून नीट बघायचं. गळती असेल तर फेसात एकच बुडबुडा येतो, हळूहळू फुगतो, फुटतो आणि त्याच जागी दुसरा येतो. काडी ओढून गळती शोधणारे महाभाग मी पाहिलेत; त्यांच्या भुवया परत यायला वेळ लागतो. गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. वास आला तर बटणं दाबू नका, कॉक बंद करा, दारं उघडा, हीटर बाहेर न्या. घरगुती सिलिंडरच गळत असेल तर १९०६ या क्रमांकावर फोन करा, तोही घराबाहेर जाऊन.

नॉब दाबून फिरवला, ठिणगी पडली, ज्योत आली. आता सोडू नका. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या ‘बिघाडांचं’ मूळ इथेच आहे. कांडी तापायला वीस-तीस सेकंद लागतात, तोवर नॉब दाबून धरायचा. लोक ज्योत दिसली की हात काढतात, मग ती विझते. “भाऊ, हा पेटतो नि मरतो,” असं म्हणत परवा एक वहिनी आल्या. मी त्यांनाच नॉब दाबायला लावला आणि तिसापर्यंत मोजायला सांगितलं. पेटून राहिला. तिसापर्यंत धरूनही विझत असेल तर मात्र कांडीचं टोक काजळलेलं असतं. हीटर थंड झाल्यावर बारीक पॉलिश पेपरने दोन हात मारा, काम होतं. टोक वाकवू मात्र नका, नाहीतर ते ज्योतीबाहेर जाईल.

ज्योतीचा रंग बघायची सवय लावा. निळी, ठाम ज्योत म्हणजे ठीक; जाळीचा हीटर असेल तर जाळी सगळीकडे सारखी लाल व्हायला हवी. पिवळी, लवलवणारी ज्योत, जाळीवर एका कोपऱ्यात काळा डाग, नाकात झोंबणारा वास, यातलं काहीही दिसलं तर बंद करा. हवा नीट मिसळत नाही. आमच्याकडे याचं कारण पुष्कळदा कुंभारीण माशी असते. पावसाळ्याआधी माळ्यावर ठेवलेल्या हीटरच्या हवेच्या भोकात ती चिखलाचं घर बांधते, आत अळ्या नाहीतर कोळी भरून ठेवते. एका माणसाने नवा जेट (गॅस सोडणारी बारीक तोटी) विकत घ्यायची तयारी केली होती; मी तारेने टोकरलं तर नखाएवढं मातीचं मडकं निघालं.

इथवरचं सगळं हाताला सवय झाली की जमतं. खरी गोष्ट पुढे आहे.

आपल्या जुन्या घरांत न्हाणीत पाण्याचं भाण तापायचं, स्वयंपाकघरात चूल. धूर डोळ्यांत गेला की माणूस आपणहून बाहेर पडायचा. गॅसचा हीटर असा इशारा देत नाही. बंद जागेत हवा कमी पडली की अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत पाणी नाही. गॅसला जो कुजका वास असतो तो गळतीसाठी मुद्दाम घातलेला. तो जळून जातो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशे पटींहून जास्त ओढीने चिकटतो. आधी डोकं दुखतं, मग मळमळ, चक्कर, गुंगी. माणसाला वाटतं दिवसभर चाललो म्हणून थकलो, आणि तो झोपतो. हिवाळ्यात बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागे हाच वायू असतो.

ओळखायची खूण एकच चांगली: ताप नाही, पण एका खोलीतल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखतंय, आणि बाहेर गेलं की बरं वाटतंय. असं झालं की वाद घालत बसू नका. हीटर बंद, सगळे बाहेर, १०८ ला फोन. कोणी गुंगीत असेल तर ओढत बाहेर आणा, आणि फोनवर ‘बंद खोलीत गॅसचा हीटर होता’ हे आधी सांगा. कोविडनंतर घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं आहे. ते इथे फसवतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला प्राणवायूने भरलेलं वाटतं, आणि माणूस बेशुद्धीकडे चालला असताना ते ९८ दाखवू शकतं. त्यावर विसंबून दवाखाना टाळू नका. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायलाच चार-पाच तास जातात. मास्कने शुद्ध प्राणवायू दिला तर तासा-दीड तासात तेवढं काम होतं.

म्हणून माझा नियम एकच: हीटर जागेपणी पेटवायचा आणि झोपण्याआधी विझवायचा. तंबूत, गाडीत, खोलीत, कुठेही. खिडकी थोडी उघडी ठेवून झोपलो तर चालेल का, असं विचारतात. नाही. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म जरूर घ्या, झोपायच्या उंचीला लावा, दर खेपेला बटण दाबून तपासा. पण तोही जागेपणीच्या सोबतीला. घेताना खोक्यावरचं नाव वाचा, कारण धुराचा अलार्म वेगळा आणि गॅस गळतीचा वेगळा. गळतीचा जमिनीलगत लावतात, कारण गॅस खाली बसतो.

तंबूत कसा वापरायचा, तर खरं म्हणजे तंबूत नाही, तंबूच्या तोंडाशी. वाऱ्याकडे पाठ येईल असा तंबू लावा. समोरच्या पडवीत, कापडापासून किमान एक मीटर दूर, सपाट दगडावर हीटर ठेवा. पुढचा पडदा पूर्ण वर, मागची झडप खालून उघडी. हा हीटर हवा तापवण्यापेक्षा समोरच्या वस्तूला तापवतो, त्यामुळे उघड्यावरही तुमचे हातपाय शेकून निघतात. ओले मोजे त्यावर वाळत घालू नका. वर ताडपत्री बांधली असेल तर ती डोक्याच्या बरीच वर हवी. प्लॅस्टिक मऊ होऊन थेंब थेंब गळायला लागलं की तो थेंब अंगाला चिकटतो. मच्छरदाणी तर तिथून लांबच.

तंबू बंद करून हीटर लावणाऱ्यांना आणखी एक बक्षीस मिळतं. गॅस जळताना पाणी तयार होतं, किलोमागे दीड किलो. म्हणजे एका छोट्या डब्यातून दीड पेला पाणी वाफेच्या रूपाने तंबूत येतं, थंड कापडावर जमतं आणि पहाटे अंगावर टपकतं. पावसाळ्यात, जिथे आधीच सगळं ओलं, तिथे हे कोणाला हवंय?

झोपेतली ऊब वेगळ्या वाटेने आणा. कोरडे कपडे, डोक्याला टोपी, आणि अंगाखाली जाड थर. थंडी खालून जास्त चढते. वर दोन गोदड्या घेण्यापेक्षा एक खाली घाला. हीटर विझवण्याआधी शेजारच्या शेगडीवर पाणी कढत करा, स्टीलच्या बाटलीत भरा, झाकण घट्ट लावून बाटली मोज्यात घाला आणि पांघरुणात पायाशी ठेवा. पहाटेपर्यंत ती कोमट राहते. रात्री पेज पोटात गेली असेल तर आणखी बरं. उपाशी अंगाला गोदडीही ऊब देऊ शकत नाही.

रानात पेटवण्याआधी रान कोणाचं आहे ते बघा. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्यं आहेत. परवानगीशिवाय मुक्काम आणि विस्तव दोन्ही चालत नाहीत. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात आगी लागल्या तेव्हा नौदल आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी वरून पाणी टाकलं होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळक्या पाल्यावर ठेवलेला लाल जाळीचा हीटर काय करू शकतो, हे आम्हा सत्तरी-डिचोलीच्या लोकांना वेगळं सांगावं लागत नाही. ओळखीच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, मालकाला विचारून, पाला झाडून काढलेल्या जागेवर तळ ठोका. बादलीभर पाणी जवळ हवंच.

पावसाळ्यातल्या घरासाठी

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं, झाडं तारांवर पडली आणि वीज गेली. त्याच वर्षी जुलैत म्हादई नदीला पूर आला. अशा वेळी घरात गॅसवर चालणारं एखादं यंत्र असणं सोयीचं असतं. पण गोव्यात त्या दिवसांत हीटरपेक्षा डब्यावरची शेगडी जास्त उपयोगी पडते, हे मी हीटर विकत घ्यायला आलेल्यालाही सांगतो. हीटर लागतो तो पुरातून भिजून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला, तान्ह्या बाळाच्या आईला, अर्धा-पाऊण तास शेकायला. तोही समोरासमोरची दोन दारं किंवा खिडक्या हातभर उघड्या ठेवून. पाऊस आत येतो म्हणून सगळं गच्च लावून घेण्याची आपली सवय इथे नडते. पाऊस येत नाही त्या बाजूची खिडकी उघडा, सोप्यावरचं दार किलकिलं ठेवा.

डब्याच्या शेगडीवर मोठा टोप ठेवू नका. टोपाचा काठ बाजूच्या डब्यावर आला की तापलेल्या तळाची धग डब्याला लागते आणि आतला दाब वाढतो. चवथीचं मोठं पातेलं, रुंद तवा, दोन शेगड्या चिकटून ठेवणं, वाऱ्यासाठी चारही बाजूंनी पत्रा लावणं, सगळं एकाच मापाचं संकट. पाच माणसांची पेज लहान टोपात दोनदा शिजवा.

पाणी उंबऱ्याला लागायच्या आत मोठ्या सिलिंडरचा रेग्युलेटर काढून प्लॅस्टिकची टोपी घाला आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला दोरीने बांधा. भरलेला सिलिंडरही पाण्यावर तरंगतो, आणि सुटलेला सिलिंडर नळी ओढून घेऊन जातो. पूर ओसरल्यावर चिखल गेलेला रेग्युलेटर धुऊन वापरायच्या फंदात पडू नका, गॅस एजन्सीकडून बदलून घ्या. माझ्याकडे आणलात तरी मी हेच सांगणार.

मनालीवाल्यांसाठी थोडंसं. डबे इथून नेता येत नाहीत. दाबोळी असो वा मोपा, विमानात ते हातातल्या बॅगेतही चालत नाहीत आणि खालच्या सामानातही नाहीत. गोवा एक्सप्रेसने जाणार असाल तर रेल्वे कायद्याचं १६४ कलम आहे, ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हीटर रिकामा न्या, डबे तिथे घ्या, पण तिथे मिळणाऱ्या डब्याचं तोंड तुमच्या हीटरला बसतं का ते निघण्याआधी विचारून ठेवा. साधं बुटेन शून्य अंशाच्या आसपास वाफ व्हायचंच थांबतं. डबा भरलेला असूनही ज्योत मरगळते. तिथे आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वाफ होतं. गारठलेला डबा जाकिटात, अंगाच्या उबेने जागा करा. त्याला आच दाखवू नका. उंचीवर प्राणवायूही विरळ असतो, त्यामुळे प्राणवायू कमी झाला की बंद होणारी ती तिसरी सोय असलेले काही हीटर ७,००० फुटांच्या वर पेटूनच राहत नाहीत. मनाली साधारण ६,७०० फुटांवर आहे, सोलांग त्याहून वर. तिथे तुमचा हीटर सारखा विझायला लागला तर तो बिघडलेला नसतो. कांडीवर तार गुंडाळून त्याला जबरदस्तीने चालू ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

परत आल्यावर डबा काढून ठेवा. हीटरला लावलेला राहू देऊ नका. डब्यावर ५० अंशांच्या वर तापू देऊ नका असं छापलेलं असतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून जास्त तापतं. सावलीत, हवेशीर, चुलीपासून लांब, मुलांच्या हाताबाहेर. आपल्या खाऱ्या, दमट हवेत डब्याचा तळ आणि कडेची शिवण लवकर गंजते. पावसाळ्याआधी प्रत्येक डबा हातात घेऊन तळ बघा. नुसता तांबूस डाग असेल तर आधी तोच वापरून टाका. नखाला खवले लागत असतील तर तो पेटवायच्या भानगडीत न पडता, घरापासून लांब ठेवून, आमच्यासारख्या कोणाला दाखवा. रिकामा डबा हलवून आवाज येत नाही याची खात्री करा आणि पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात वेगळा द्या. पाल्याच्या ढिगात जाळायला टाकू नका. हीटरच्या तोंडावर आणि हवेच्या भोकांवर जुना सुती कपडा घट्ट बांधून ठेवा, म्हणजे कुंभारणीला दुसरं घर शोधावं लागेल.